ऑक्टोबरात दाण्याची ताटली ओस का पडते?

दसरा-दिवाळीच्या सुमारास साताऱ्यात गच्चीवरच्या दाण्याच्या ताटलीकडे पाखरं फिरकेनाशी होतात. ती गेलेली नसतात, त्यांचं बाहेरच भागतं. अजिंक्यताऱ्याच्या उतारावर गवत बियांनी लवलेलं असतं आणि माण-खटावात बाजरी काढणीला आलेली असते. ठिपकेवाली मुनिया गवताची काडी पकडून वर सरकते, काडी वाकली की तुऱ्यातलं बी चोचीत फिरवून सोलते आणि टरफल टाकून देते.

ताटलीतही हेच घडतं. ती भरलेली दिसली तरी एकदा फुंकर मारून पाहा, निम्मी टरफलंच उडतील. पारवे मात्र दाणा अख्खाच गिळतात. रोज मूठभर बाजरी किंवा राळा पुरे, संध्याकाळी उरेल इतकं घालूच नये. परतीच्या पावसात दाणा भिजला की बुरशी धरते. शेंगदाण्यावरची बुरशी तर विषारी असते. ताटलीला दाणा निसटणार नाही इतकी बारीक छिद्रं पाडा आणि आठवड्यातून एकदा ती घासून उन्हात वाळवा. विष्ठेतून पसरणारे रोग टाळायला दुसरा उपाय नाही. फरसाण, खारे दाणे नकोतच.

खरं तर या उन्हात दाण्यापेक्षा पाणी जास्त उपयोगी. बुलबुल, दयाळ, शिंपी बाजरीला तोंड लावत नाहीत, पाण्यावर मात्र येतात. मातीचं पसरट परळ घ्या, पाणी दोन-तीन सेंटिमीटरच ठेवा, मध्ये एक खडबडीत दगड. पाणी रोज बदला, नाहीतर आठवडा-दहा दिवसांत डास तयार.

रानात या दिवसांत सागाची पानं तपकिरी, जाळीदार दिसतात. ती पानगळ नव्हे, ती पुढे उन्हाळ्याच्या तोंडाशी. अळ्यांनी शिरा सोडून मधला गर खाल्लेला असतो, पान उजेडात धरलं की कळतं. फवारणीची घाई नको. दाणे खाणारी चिमणीसुद्धा पिल्लांना अळ्याच भरवते.

यवतेश्वरच्या बाजूला ओढ्याकाठी हिमालयाकडून आलेला करडा धोबी दिसू लागतो. पोट पिवळं, शेपूट सतत वरखाली. काही दिवसांनी येणाऱ्या थिरथिऱ्याची शेपटी तांबूस, आणि ती हलत नाही, थरथरते.

ताटलीला खरी गर्दी होते फाल्गुनात, डोंगरावरचं गवत वाळून वणव्यात गेल्यावर. मूठ वाढवायची ती तेव्हा.