डिग्री आणि बिटवीननेस: अलका चौक आणि लकडी पूल

अलका चौकात लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता, शास्त्री रस्ता असे बरेच रस्ते येऊन मिळतात. लकडी पुलाला टोकं दोनच. तरी पूल बंद ठेवला की पेठांतून डेक्कनकडे निघालेल्यांची काय तारांबळ उडते, ते पुणेकरांना सांगायला नको. जाळ्यांच्या भाषेत बोलायचं तर चौकाची डिग्री मोठी, पुलाची अवघी 2. पण बिटवीननेस, म्हणजे इतरांच्या वाटा किती प्रमाणात आपल्यातून जातात ते, दोघांचीही दांडगी. समाजमाध्यमांवरच्या प्रबंधांत मात्र दोन्ही आकडे 'सर्वांत प्रभावी खाती' या एकाच मथळ्याखाली सर्रास येतात.

डिग्री म्हणजे एखाद्या बिंदूला (चौक, माणूस, खातं) थेट जोडलेले दुवे (रस्ते, ओळखी). मोजले, संपलं. दुव्यांना दिशा असेल तर आत येणारे आणि बाहेर जाणारे वेगळे मोजायचे. उठसूट सगळ्यांना टॅग करणाऱ्याची 'बाहेरची' डिग्री प्रचंड असते, आणि तिचा प्रभावाशी काही संबंध नसतो.

बिटवीननेसची व्याख्या आज वापरतात त्या रूपात लिंटन फ्रीमन यांनी 1977 मध्ये मांडली. जाळ्यातल्या प्रत्येक जोडीमधला सर्वांत जवळचा मार्ग काढायचा आणि असे किती मार्ग आपल्या बिंदूतून जातात ते मोजायचं. सारख्याच लांबीचे दोन मार्ग असतील तर प्रत्येकाला अर्धा वाटा.

हिशेब हातानं करून पाहा. कोथरूडचे पाच सायकलस्वार, सगळे एकमेकांशी जोडलेले. हडपसरचेही तसेच पाच. मध्ये शिवाजीनगरचा एक जण. त्याची ओळख दोन्हीकडच्या फक्त एकेकाशी. एकूण बिंदू 11. मधल्याची डिग्री 2, त्याच्या दोन्ही शेजाऱ्यांची 5, बाकीच्यांची 4. आता कोथरूड ते हडपसर अशा 5 × 5 = 25 जोड्यांचा मार्ग मधल्यातूनच जातो, म्हणून त्याची बिटवीननेस 25. शेजाऱ्याची 24, कारण त्याच्या गटातले उरलेले चार जण बाहेरच्या सहांपर्यंत त्याच्यामार्फतच पोचतात. बाकी सगळे शून्य. स्वतःला वगळून 10 जणांच्या 45 जोड्या होतात. त्यांनी भागलं की मधल्याची 0.56 आणि शेजाऱ्याची 0.53. डिग्रीला 10 ने भागलं तर तेच दोघं 0.2 आणि 0.5. डिग्रीच्या यादीत सर्वांत खाली असलेला माणूस दुसऱ्या यादीत पहिला!

खरी गोम यापुढे आहे. समजा, कोथरूडच्या एका शून्यवाल्याची हडपसरच्या एका शून्यवाल्याशी ओळख होती, पण ती तुमच्या माहितीत आली नाही. तो एक दुवा घातला की मधल्याची बिटवीननेस 25 वरून 4 वर येते. त्याची डिग्री 2 च राहते. डिग्री बिंदूच्या स्वतःच्या दुव्यांवर ठरते. बिटवीननेस अख्ख्या नकाशावर. नदीवरचा जवळचा भिडे पूल पाण्याखाली गेला की लकडी पुलाचं महत्त्व वाढतं, पण नकाशा काढणाऱ्याला भिडे पूल आहे हेच ठाऊक नसेल तर? वाढीव महत्त्व कागदावरच असतं.

एकाच हॅशटॅगवरून पोस्ट गोळा केल्या की नेमकं हेच होतं: लोक हॅशटॅग न लावताही बोलतात, ते दुवे गळतात आणि भलतेच पूल उभे राहतात. मराठी नावांनी आणखी घोळ होतो. एकच माणूस एका ठिकाणी देवनागरीत आणि दुसऱ्या ठिकाणी रोमनमध्ये असला तर त्याचे दोन बिंदू होतात आणि डिग्री वाटली जाते. उलट चूक जास्त घातक. एकाच नाव-आडनावाची दोन माणसं एकत्र केलीत की एक बनावट पूल तयार होतो आणि बिटवीननेसच्या यादीत तोच शिखरावर बसतो. म्हणून बिंदू जुळवताना नाव न धरता खात्याचा क्रमांक धरावा, आणि यादीतले पहिले दहा बिंदू तरी हातानं तपासावेत.

जाळी मोजण्या-रेखाटण्याच्या गेफी या सॉफ्टवेअरमध्ये डिग्री 'ॲव्हरेज डिग्री' चालवल्यावर मिळते. बिटवीननेस 'नेटवर्क डायमीटर'मध्ये दडलेली असते, त्यामुळे अनेकांना सापडतच नाही. तिथे दिशा असलेलं की नसलेलं, हा पर्याय जाळ्याप्रमाणे निवडा. पायथनमधल्या नेटवर्कएक्स या साधनात वेगळीच मेख आहे: बिटवीननेस काढताना दुव्याला दिलेलं वजन ते अंतर म्हणून वाचतं. तुम्ही संदेशांची संख्या दिलीत तर जिवलग मित्र सर्वांत लांब जातात. 1 भागिले संख्या असं अंतर द्या, नाहीतर वजन सोडूनच द्या.

आपली पद्धत बरोबर आहे का, हे पाहायला संशोधक झॅकरी यांनी नोंदवलेलं एका कराटे क्लबातल्या सदस्यांच्या मैत्रीचं जाळं घ्या. तेही 1977 चंच; 34 बिंदू, 78 दुवे. क्रमांक 34 ची डिग्री 17 आणि क्रमांक 1 ची 16 आली पाहिजे. वजन न धरता बिटवीननेस मात्र क्रमांक 1 ची 0.438 आणि क्रमांक 34 ची 0.304. नेटवर्कएक्समध्ये क्रमांक शून्यापासून सुरू होतात, म्हणून तिथे ते 0 आणि 33 दिसतील.

मोठ्या जाळ्यात वेळेचा प्रश्न येतो. डिग्री क्षणात निघते. बिटवीननेससाठी ब्रँडेस यांच्या 2001 च्या पद्धतीनंही कष्ट बिंदू गुणिले दुवे या प्रमाणात वाढतात: 10,000 बिंदू आणि 50,000 दुवे म्हणजे 50 कोटींच्या घरातल्या पायऱ्या. तेव्हा काही बिंदूच नमुना म्हणून घेऊन अंदाज काढतात. तो अंदाज आहे, हे तक्त्याखाली लिहायचं.

अहवालात बिटवीननेस द्यायचीच असेल तर आधी दुवे यादृच्छिकपणे 10 टक्के काढून टाका, पुन्हा मोजा, हे शंभरदा करा. पहिल्या पाचांतली नावं सारखी बदलत राहिली तर क्रम छापू नका. डिग्री द्या आणि गप्प बसा. शिवाय लहान गटात नाव झाकून काही उपयोग नसतो. दोन टोळक्यांना जोडणारा एकुलता एक बिंदू गटातला कुणीही चित्रावरून ओळखतो, त्यामुळे संमती नसेल तर ते चित्र प्रबंधात घालूच नये.