कन्सोल एम्युलेटरमधील प्रारंभध्वनी आणि हार्डवेअरच्या लकबी

जुन्या व्हिडिओ गेम कन्सोलचे काम आजच्या संगणकाकडून करवून घेणाऱ्या प्रोग्रॅमला एम्युलेटर म्हणतात. पडद्यावर खेळ सुरू झाला की बहुतेक खेळाडूंची गरज भागते. परंतु मूळ यंत्र चालू करताच उमटणारा ध्वनी, त्याबरोबर हलणारे बोधचिन्ह आणि विद्युत् मंडलांच्या मर्यादांमुळे खेळांत उतरलेली लुकलुक, खरखर व विलंब हेही जसेच्या तसे उमटावेत, असा आग्रह धरणारी एम्युलेटर-निर्मितीची एक परंपरा आहे. या परंपरेच्या दृष्टीने प्रारंभध्वनी म्हणजे यंत्राने आपल्याजवळच्या सामग्रीतून त्या क्षणी घडवलेला आवाज होय. त्याचे ध्वनिमुद्रण वाजवून वेळ मारून नेता येते, पण यंत्राची अवस्था बदलली की ध्वनी आणि चित्रही बदलायला हवे, ही अपेक्षा ध्वनिमुद्रण पुरी करू शकत नाही.

गेम बॉयचे उदाहरण

हा भेद सर्वांत स्वच्छपणे दिसतो तो निन्टेन्डोच्या १९८९ मधील गेम बॉयमध्ये. त्याच्या मुख्य चिपमध्ये अवघ्या २५६ बाइटचा बूट रॉम होता. वीज मिळताच हा छोटा प्रोग्रॅम दृश्यस्मृती पुसून काढी, कार्ट्रिजच्या (खेळ साठवलेल्या, यंत्रात खोचायच्या डबीच्या) शीर्षभागातून ४८ बाइटचे बोधचिन्ह वाचून ते पडद्यावर वरून खाली सरकवी आणि चिन्ह मध्यावर पोहोचता पोहोचता पहिल्या ध्वनिवाहिनीवर लागोपाठ दोन सूर वाजवी. पहिल्या सुराची वारंवारता सुमारे १,०४८.६ हर्ट्झ आणि दुसऱ्याची सुमारे २,०८०.५ हर्ट्झ आहे. म्हणजे दुसरा सूर वरच्या सप्तकात जातो, पण तिथे थोडा उतरलेला लागतो. याचे कारण ध्वनिमंडलाच्या रचनेत आहे. वारंवारता ठरवण्यासाठी तेथे १,३१,०७२ या संख्येला एका पूर्णांकाने भागले जाते. पहिल्या सुरासाठी हा भाजक १२५ आहे आणि दुसऱ्यासाठी ६३. अचूक सप्तकासाठी ६२.५ हवा होता, आणि रजिस्टरमध्ये, म्हणजे चिपमधील संख्या ठेवण्याच्या छोट्या खणात, अपूर्णांकाला जागा नाही. एम्युलेटरने हा भागाकार मूळ यंत्राप्रमाणे केला, तर हा उतरलेपणा वेगळे काही न करता आपोआप येतो.

यंत्रात कार्ट्रिज नसेल, तर वाचलेला प्रत्येक बिट १ येतो आणि बोधचिन्हाच्या जागी एक भरीव काळा आयत खाली सरकतो. कार्ट्रिजचे संपर्क मळलेले असतील, तर चिन्ह विस्कटलेले दिसते. चिन्ह दाखवून झाल्यावर बूट रॉम ते आपल्याजवळच्या प्रतीशी ताडून पाहतो आणि फरक आढळल्यास यंत्र तिथेच अडकवून ठेवतो. ही तपासणी म्हणजे परवाना नसलेल्या उत्पादकांसाठी घातलेले कुलूप होते, परंतु दाखवण्यासाठी एकदा आणि ताडण्यासाठी पुन्हा एकदा, असे चिन्ह दोनदा वाचले जात असल्यामुळे काही उत्पादकांनी पहिल्या वाचनाला स्वतःचे चिन्ह आणि दुसऱ्याला निन्टेन्डोचे चिन्ह पुढे करणारी कार्ट्रिजे बनवली. सुरुवातीचे चित्र आधीच तयार करून ठेवणाऱ्या एम्युलेटरमध्ये यांपैकी काहीच घडत नाही.

अनेक एम्युलेटर सुरुवात वगळून थेट खेळाकडे जातात. ते सोयीचे असले, तरी बूट रॉम संपताना मागे उरलेली अवस्था मग हाताने भरावी लागते. मूळ गेम बॉयवर त्या क्षणी ए या रजिस्टरमध्ये १ असतो, गेम बॉय पॉकेटवर २५५ आणि गेम बॉय कलरवर १७. आपण कोणत्या यंत्रावर चालत आहोत, हे खेळ याच आकड्यावरून ओळखतात. तो चुकला, तर रंगीत खेळ स्वतःला कृष्णधवल यंत्रावर समजू शकतो. अंतर्गत घड्याळाच्या रजिस्टरचेही तसेच आहे, कारण काही खेळ त्याच्यातून यादृच्छिक संख्या मिळवतात. गेम बॉय कलरमध्ये तर सुरुवातीचा प्रोग्रॅम आणखी एक काम करतो. जुना कृष्णधवल खेळ घातल्यास, तो निन्टेन्डोने स्वतः प्रकाशित केलेला असेल तर त्याच्या शीर्षकातील अक्षरांच्या बेरजेवरून त्यासाठी रंगसंगती निवडली जाते, आणि बोधचिन्ह पडद्यावर असताना दिशेचे बटण, एकटे किंवा ए अथवा बी बटणासह, दाबून खेळाडू १२ रंगसंगतींपैकी एक स्वतः निवडू शकतो. सुरुवात वगळली की ही निवडही हातची जाते.

बूट रॉम, बायोस आणि कायदा

गेम बॉयचा बूट रॉम काम संपताच एका रजिस्टरमध्ये लिहून स्वतःला बंद करतो आणि नंतर कोणत्याही प्रोग्रॅमला तो वाचता येत नाही. त्यामुळे कित्येक वर्षे एम्युलेटरकर्त्यांना त्याचा परिणाम माहीत होता, मजकूर नव्हता. २००३ मध्ये चिपचे आवरण काढून सूक्ष्मदर्शकाखाली एकेक बिट डोळ्यांनी वाचून तो मिळवण्यात आला. गेम बॉय कलरचा प्रोग्रॅम २००९ मध्ये चिपच्या क्लॉक व विद्युत्-पुरवठ्यात मुद्दाम गडबड घडवून, स्वतःला बंद करण्याची त्याची आज्ञा चुकवून वाचला गेला.

असे प्रोग्रॅम निर्मात्या कंपन्यांच्या स्वामित्वहक्काखाली येतात, म्हणून एम्युलेटरसोबत ते सहसा दिले जात नाहीत. वापरकर्त्याने आपल्या यंत्रातून ते काढून घ्यावेत, अशी अपेक्षा असते. दुसरा मार्ग म्हणजे तेच काम करणारा नवा प्रोग्रॅम स्वतंत्रपणे लिहिणे. सेमबॉय या गेम बॉय एम्युलेटरबरोबर असे मुक्त-स्रोत बूट रॉम येतात आणि एमजीबीए हा एम्युलेटर गेम बॉय अ‍ॅडव्हान्सच्या १६ किलोबाइटच्या बायोसची, म्हणजे यंत्रातच कायम असलेल्या मूलभूत प्रोग्रॅमची, कामे स्वतःच्या संहितेतून पार पाडतो. या मार्गाचा कायदेशीर पाया अमेरिकेतील दोन निकालांत आहे, आणि त्यांपैकी पहिला थेट सुरुवातीच्या पडद्याशीच निगडित आहे. सेगाच्या नंतरच्या जेनेसिस कन्सोलमध्ये खेळाने ठराविक पत्त्यावर कंपनीचे नाव लिहिल्याखेरीज यंत्र पुढे जात नसे, आणि ते लिहिले की खेळ सेगाच्या परवान्याने निर्माण झाल्याचा मजकूर पडद्यावर येई. अ‍ॅकोलेड या कंपनीने उलट अभियांत्रिकी करून, म्हणजे तयार प्रोग्रॅम उलगडून पाहून, हे नाव आपल्या खेळांत घातले, तेव्हा १९९२ मध्ये नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने ती कृती न्याय्य वापर ठरवली आणि पडद्यावरील दिशाभूल करणाऱ्या मजकुराची जबाबदारी सेगावर टाकली. दुसऱ्या खटल्यात, २००० मध्ये, कनेक्टिक्स कंपनीने प्लेस्टेशन एम्युलेटर बनवताना अभ्यासासाठी सोनीच्या बायोसच्या केलेल्या प्रतींना त्याच न्यायालयाने संरक्षण दिले; कनेक्टिक्सच्या अंतिम उत्पादनात सोनीची संहिता नव्हती.

मात्र पर्यायी बायोस खेळ चालवतो, मूळ प्रारंभध्वनी बहुधा देत नाही. तो हवा असेल तर बहुधा मूळ प्रोग्रॅमच लागतो. अस्सलपणाचा आग्रह आणि कायद्याची मर्यादा यांची गाठ पडते ती याच जागी, आणि ती सोडवण्याचा सोपा उपाय अद्याप कोणाला सापडलेला नाही.

मोठ्या यंत्रांचे प्रारंभ

प्लेस्टेशन जपानमध्ये ३ डिसेंबर १९९४ रोजी बाजारात आले. त्याचा प्रारंभध्वनी ताकाफुमी फुजिसावा यांनी रचला. ५१२ किलोबाइटच्या बायोसमध्ये लांबलचक ध्वनिमुद्रणाला जागा नव्हती. छोटे नमुने ध्वनिचिपकडून वेगवेगळ्या उंचीवर वाजवून आणि त्यावर तिचाच घुमारा चढवून तो विस्तीर्ण नाद उभा राहतो. या चिपमध्ये २४ वाहिन्या आहेत आणि नमुन्यांच्या मधल्या किमती काढण्याची तिची पद्धत आवाजाची धार थोडी बोथट करते. एखाद्या एम्युलेटरने त्याऐवजी अधिक 'चांगली' पद्धत वापरली, तर आवाज स्पष्ट होतो आणि ओळखीचा राहत नाही.

सेगाच्या ड्रीमकास्टचा प्रारंभध्वनी संगीतकार र्‍यूइची साकामोतो यांचा आहे. निन्टेन्डोचा गेमक्यूब सुरू होताना एका कंट्रोलरचे झेड बटण दाबून धरल्यास नेहमीच्या ध्वनीऐवजी खेळण्याची चूंचूं आणि लहान मुलाचे हसू ऐकू येते. चारही कंट्रोलरवर ते दाबल्यास जपानी रंगभूमीची आठवण करून देणारा तिसराच ध्वनी वाजतो. प्लेस्टेशन २ च्या सुरुवातीला दिसणाऱ्या मनोऱ्यांची संख्या व उंची मेमरी कार्डवरील खेळांच्या नोंदींवरून ठरते. म्हणजे त्या पडद्याचे खरे पुनरुत्पादन करायचे, तर एम्युलेटरला मेमरी कार्डही मूळ रचनेप्रमाणे सांभाळावे लागते.

लकबी आणि त्यांवर उभे असलेले खेळ

निन्टेन्डोच्या १९८३ च्या फॅमिकॉममध्ये व तिच्या पाश्चात्त्य रूपात, एनईएसमध्ये, बूट रॉम नव्हता, त्यामुळे प्रारंभध्वनीही नाही. पण वीज आल्यानंतर जवळजवळ एक फ्रेमभर चित्रचिप काही रजिस्टरांतील लेखन स्वीकारत नाही, आणि म्हणून खेळ आरंभी थांबून राहतात. एका आडव्या ओळीत आठच स्प्राइट, म्हणजे पार्श्वभूमीवर स्वतंत्रपणे हलणारी छोटी चित्रे, दाखवता येतात. नववे आले की ते गाळले जाते. सर्व वस्तू थोड्याथोड्या दिसाव्यात म्हणून खेळ प्रत्येक फ्रेमला स्प्राइटांचा क्रम बदलत, आणि त्यातून परिचित लुकलुक निर्माण झाली. एम्युलेटरमध्ये ही मर्यादा काढून टाकण्याचा पर्याय बहुधा असतो, पण काही खेळ मुद्दाम रिकामे स्प्राइट एका ओळीत भरून त्यांच्यामागे पात्राचा भाग लपवत असल्यामुळे मर्यादा काढली की लपवलेले उघडे पडते. त्याच यंत्रात ध्वनिनमुन्याचा बाइट आणला जात असताना प्रोसेसर थांबतो आणि कंट्रोलरचे एक जादा वाचन होऊन एखादा बिट हरवतो. 'सुपर मारिओ ब्रदर्स ३' कंट्रोलर पुन्हापुन्हा वाचून दोन उत्तरे जुळेपर्यंत थांबतो, तो या दोषामुळेच. दोष नसलेल्या एम्युलेटरवर ही खबरदारी निरर्थक दिसते.

सुपर एनईएसच्या बाबतीत अचूकतेचा आग्रह टोकाला नेला तो निअर या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रोग्रॅमरने. बीएसनेस या एम्युलेटरमध्ये प्रत्येक चिपचे काम क्लॉकच्या ठोक्याबरहुकूम चालवले जाते आणि त्यासाठी लागणारी संगणकशक्ती ओळीओळीने चित्र काढणाऱ्या एम्युलेटरपेक्षा कितीतरी अधिक आहे. ती का खर्चावी, याला 'एअर स्ट्राइक पॅट्रोल'मधील विमानाची सावली हे उत्तर दिले जाते. ती सावली ओळ काढली जात असतानाच रजिस्टर बदलून उमटवलेली आहे आणि संपूर्ण ओळ एकदम काढणाऱ्या एम्युलेटरमध्ये ती दिसतच नाही. एका सावलीसाठी एवढा खटाटोप कोणाला अवाजवी वाटू शकतो. पण कोणता खेळ कशावर अवलंबून आहे, हे आधी कळत नसल्याने सगळेच अचूक करणे हा एकच खात्रीचा मार्ग उरतो. २००४ मध्ये गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवर आलेल्या 'क्लासिक एनईएस सीरिज'च्या खेळांनी याच अडचणीचा उपयोग करून घेतला: स्मृतीचे आरसे (एकच स्मृती दुसऱ्या पत्त्यांवरही दिसणे), चित्रस्मृतीतून चालवलेल्या आज्ञा अशा लकबींवर ते जाणूनबुजून विसंबतात आणि ढोबळ एम्युलेटरवर कोलमडतात.

मेगा ड्राइव्हच्या (अमेरिकेत जेनेसिस म्हणून विकल्या गेलेल्या कन्सोलच्या) पहिल्या आवृत्तीतील यामाहा वायएम२६१२ या चिपचा अंकांचे ध्वनिसंकेतात रूपांतर करणारा ९ बिटांचा रूपांतरक शून्याजवळच्या मंद आवाजात विकृती आणतो. नंतरच्या आवृत्त्यांत ती नाही. काही एम्युलेटरांत म्हणूनच चिपचा प्रकार निवडता येतो. त्याच कन्सोलवरील 'सॉनिक'चे धबधबे उभ्या पट्ट्यांनी काढलेले आहेत. संपूर्ण चित्र एकाच तारेतून नेणाऱ्या कॉम्पोझिट केबलमध्ये शेजारचे रंग एकमेकांत मिसळून त्या पट्ट्या पारदर्शक पाण्यासारख्या दिसत, स्वच्छ डिजिटल चित्रात त्या पट्ट्याच राहतात. गेम बॉयच्या मंद एलसीडीवर मागील फ्रेम रेंगाळत असे, आणि एकाआड एक फ्रेमला वस्तू दाखवून अर्धपारदर्शकतेचा भास निर्माण करणारे खेळ त्यावरच विसंबून होते. या तिन्ही ठिकाणी चिप अचूक असूनही केबल, पडदा किंवा रूपांतरक यांच्या प्रतिकृतीवाचून परिणाम अपुरा राहतो.

ध्वनी बाहेर काढताना

मूळ ध्वनिचिप लाखो ठोक्यांच्या वेगाने चालते, तर संगणकाचे ध्वनिकार्ड सेकंदाला साधारण ४८,००० नमुने घेते. चौकोनी तरंगात मूळ वारंवारतेच्या सर्व विषम पटी असतात. गेम बॉयच्या दुसऱ्या सुराची २३ वी पट सुमारे ४७,८५२ हर्ट्झवर येते. ४८,००० च्या दराने सरळ नमुने उचलल्यास ती दुमडून सुमारे १४८ हर्ट्झची, मूळ यंत्रात कधीच नसलेली, घुंघुं बनते. हे टाळण्यासाठी तरंगाच्या प्रत्येक उडीऐवजी पट्टामर्यादित, म्हणजे अशा अतिउंच पटी वगळलेली, उडी मिसळण्याचे तंत्र वापरले जाते. वेगाचाही प्रश्न आहे. गेम बॉय सेकंदाला सुमारे ५९.७३ फ्रेम दाखवतो आणि आजचा पडदा ६०. अनेक एम्युलेटर एकत्र चालवणाऱ्या रेट्रोआर्च या प्रोग्रॅममध्ये ध्वनीचा दर अर्ध्या टक्क्याच्या आत सतत किंचित बदलून हा फरक सांधला जातो. कानाला ते कळत नाही, पण काटेकोर अर्थाने ती तडजोडच आहे.

कोणते यंत्र खरे मानायचे

अनुकरण करायचे ते यंत्रही एकच नसते. सुपर गेम बॉय हे सुपर एनईएसवर गेम बॉयचे खेळ चालवणारे उपकरण सुपर एनईएसच्या क्लॉकवर चालत असल्याने मूळ गेम बॉयपेक्षा सुमारे २.४ टक्के वेगवान होते, आणि त्यावर प्रत्येक सूर थोडा चढलेला लागे; जपानमध्ये १९९८ साली आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत हे सुधारले. सुपर एनईएसच्या ध्वनिविभागाला स्वतंत्र सिरॅमिक अनुनादक ठोके पुरवतो. त्याचा दर कागदोपत्री सेकंदाला ३२,००० नमुने देणारा असला, तरी प्रत्यक्षात तो कन्सोलगणिक वेगळा असतो आणि तापमानानुसार सरकतो. मुख्य प्रोसेसर व ध्वनिप्रोसेसर यांच्यातील क्षणांचे गणित त्यामुळे कोणत्याही दोन कन्सोलांत तंतोतंत सारखे नसते. हव्या त्या मंडलाप्रमाणे जुळवता येणाऱ्या एफपीजीए चिपवर मूळ मंडलांची रचना उभी करणारे मिस्टर किंवा २०२१ मध्ये आलेले अ‍ॅनालॉग पॉकेट यांनाही हाच प्रश्न भेडसावतो, कारण तेथेही अनुनादकाचा एक दर कोणीतरी ठरवूनच द्यावा लागतो.