हायफन पुसला, तुकडे झाले

सी या प्रोग्रॅमिंग भाषेत स्ट्रिंग (मजकूर) म्हणजे मेमरीत ओळीने बसलेले बाइट आणि शेवटी शून्य असलेला एक बाइट. लांबी कुठेच लिहिलेली नसते. शून्य भेटलं की स्ट्रिंग संपली.

‘२०२४-०५-१७’ ही तारीख घ्या. इंग्रजी अंकांत लिहिली तर १० चिन्हं, म्हणजे शेवटच्या शून्यासकट ११ बाइट. (देवनागरी अंक यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येकी ३ बाइट खातो, तेव्हा हिशेब बदलतो.) तारखेतला ‘०’ मात्र ४८ म्हणून साठवला जातो, त्यामुळे घोटाळा होत नाही.

हायफनवर तुकडे पाडायला स्ट्रटॉक हे फंक्शन वापरतात. गंमत अशी की ते नवीन स्ट्रिंग बनवतच नाही. पाचव्या आणि आठव्या बाइटमधला हायफन पुसून तिथे शून्य लिहितं आणि दर वेळी पुढच्या तुकड्याच्या सुरुवातीचा पत्ता देतं. वर्ष, महिना, दिवस तिन्ही त्याच ११ बाइटांत राहतात. मूळ तारीख मात्र मोडलेली असते. कोडमध्येच अवतरणचिन्हांत लिहिलेली स्ट्रिंग त्याला दिली, तर बहुतेक वेळा प्रोग्रॅम कोसळतो, कारण ती जागा सहसा फक्त वाचण्यापुरती असते.

स्वल्पविरामांवर तुकडे पाडताना लागोपाठ दोन स्वल्पविराम आले तर स्ट्रटॉक मधला रिकामा रकाना गिळून टाकतं. नाव, फोन, गाव यांतला फोन कोरा असेल, तर गाव फोनच्या जागी येऊन बसतं. शिवाय कुठवर आलो हे ते स्वतःकडेच लपवून ठेवतं, त्यामुळे एका विभागणीच्या आत दुसरी सुरू केली की पहिलीचा धागा हरवतो. हा धागा हरवण्याचा दोष स्ट्रटॉक-आर या त्याच्या भावंड फंक्शनमध्ये नाही.

खरी अडचण मेमरीची. मूळ जागा मॅलॉकने (मेमरी मागून घेणारं फंक्शन) घेतली असेल आणि ती फ्री या फंक्शनने परत केली, तर तिन्ही पत्ते एकदम निकामी होतात. उलट ‘०५’चा पत्ता फ्रीला देणंही चूक, कारण मॅलॉकने तो कधी दिलेलाच नव्हता. तुकडे टिकवायचे असतील तर प्रत्येकाची प्रत काढावी लागते: लांबी अधिक एक बाइट. तो एक विसरला की शेवटचं शून्य शेजारच्या जागेत सांडतं, आणि चूक भलत्याच ठिकाणी, पुष्कळ उशिरा दिसते. ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीतल्या चुका पकडणारं साधन) चालू ठेवून प्रोग्रॅम चालवला, तर तो त्याच ओळीवर थांबतो आणि ही मेमरी कुठे घेतली होती तेही सांगतो.