आलेखावरचा आकडा कोडलाच लिहू द्या

आलेख काढून झाला की कोपऱ्यात ‘सहसंबंध ०.८२’ (दोन राशी किती जोडीने बदलतात ते सांगणारा आकडा) असं हातानेच टाइप करून मोकळं व्हावंसं वाटतं. पुढे विदेत, म्हणजे डेटात, चार नोंदी वाढतात, ठिपके सरकतात, रेषेचा कल बदलतो. कोपऱ्यातला आकडा मात्र तसाच राहतो. म्हणून तो आकडा चलातूनच, म्हणजे कोडमध्ये किंमत साठवणाऱ्या नावातूनच, यायला हवा.

पायथनमध्ये हे सोपं आहे. २०१६च्या ३.६ आवृत्तीपासून तिथे एफ-स्ट्रिंग आहे: मजकुरातच महिरपी कंसात चलाचं नाव लिहायचं, त्या जागी किंमत उमटते. आर ही संख्याशास्त्रासाठीची भाषा मात्र इथे नवशिक्यांना हमखास अडवते. साधा मजकूर असेल तर मजकूर आणि किंमत जोडणारं ‘पेस्ट’ हे फंक्शन पुरतं. पण R² सारखी गणिती मांडणी हवी म्हणून ‘एक्स्प्रेशन’ वापरलं, की आलेखावर किमतीऐवजी चलाचं नावच छापून येतं. यात आरची चूक नाही. एक्स्प्रेशनला दिलेला मजकूर मोजायचा नसतो, जसाच्या तसा चितारायचा असतो. त्यातला नेमका एखादा भाग मोजून हवा असेल, तर ‘बीकोट’ घ्यायचं आणि तेवढाच भाग टिंब देऊन कंसात टाकायचा.

मग प्रश्न दशांशांचा. ‘राउंड’ने दोन स्थळं मागितली तरी ७.५०चं ७.५ होतं, कारण ते संख्या देतं, मजकूर नाही. शेवटचं शून्य टिकवायला ‘स्प्रिंटएफ’ लागतं.

किती स्थळं दाखवायची, हे मात्र आपणच ठरवायचं. संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अ‍ॅन्सकोम यांनी १९७३ साली मांडलेले चार विदासंच आरमध्ये आयतेच मिळतात. प्रत्येकात ११ ठिपके. दोन स्थळांपर्यंत चौघांचाही सहसंबंध ०.८२ दिसतो, तीन स्थळं घेतली तर पहिल्या तिघांचा ०.८१६ आणि चौथ्याचा ०.८१७. एवढ्याशा फरकावरून चौथा वेगळा आहे असं कुणी म्हणेल, आणि तो वेगळा आहेच, पण त्याचं कारण हे नव्हे. त्याचे दहा ठिपके क्ष = ८ वर एकावर एक रचलेले आहेत आणि अकरावा एकटाच १९ वर. सगळा सहसंबंध त्या एकट्याच्या जिवावर. तो वगळून कोड पुन्हा चालवा: क्षमध्ये चढउतारच उरत नाही, सहसंबंध काढता येत नाही, आणि लेबलवर आकड्याच्या जागी ‘एनए’, म्हणजे ‘किंमत उपलब्ध नाही’, छापून येतं.