कंगवा, ब्रश आणि शब्दांची घडण

कृत्रिम भाषा म्हटली की तिच्या कर्त्याने एका जागी बसून एकेक शब्द स्वतः ठरवला असणार, असा समज सर्रास आढळतो. एस्पेरांतो या कृत्रिम भाषेच्या बाबतीत तो साफ चुकीचा आहे. तिचे कर्ते लुडविक झामेनहोफ यांनी १८८७ साली वॉर्सा येथे प्रसिद्ध केलेल्या पहिल्या पुस्तिकेत व्याकरणाचे १६ नियम होते आणि मूळ शब्द सुमारे ९००. एवढ्या भांडवलावर कविता, पत्रव्यवहार आणि वादविवाद चालावेत, ही अपेक्षा शब्दसाधनेच्या, म्हणजे मूळ शब्दांपासून नवे शब्द घडवण्याच्या, भरवशावरच धरता येत होती.

ही कल्पना त्यांना शाळकरी वयात रस्त्यावरच्या पाट्या वाचताना सुचली. वॉर्सा तेव्हा रशियन साम्राज्यात होते. द्वारपालाच्या खोलीवर ‘श्वेइत्सार्स्काया’ आणि मिठाईच्या दुकानावर ‘कोंदितोर्स्काया’ असे लिहिलेले असे. दोन्हींच्या शेवटी असलेला ‘स्काया’ त्यांच्या नजरेत भरला आणि एका शब्दापासून दुसरा शब्द प्रत्ययाने काढता आला तर पाठांतराचा डोंगर कितीतरी हलका होईल, हे त्यांच्या लक्षात आले.

याचे नेहमीचे उदाहरण रुग्णालयाचे आहे. ‘सान’ म्हणजे निरोगी. आधी ‘माल’ हा विरुद्धार्थी उपसर्ग लावला की ‘मालसाना’, म्हणजे आजारी. ‘उल’ या व्यक्तिवाचक प्रत्ययाने ‘मालसानुलो’, म्हणजे आजारी माणूस. आणि ‘एय’ या स्थानवाचक प्रत्ययाने ‘मालसानुलेयो’, म्हणजे आजारी माणसांची जागा. शेवटचा ‘ओ’ नामाची खूण आहे, ‘आ’ विशेषणाची, ‘ए’ क्रियाविशेषणाची आणि ‘इ’ क्रियापदाच्या मूळ रूपाची. (‘हॉस्पितालो’ हा शब्दही तिथे चालतो, तो भाग वेगळा.)

इथवर सारे लहान मुलांच्या ठोकळ्यांसारखे सोपे वाटते. खरी गंमत पुढे आहे, आणि ती कंगव्यात दडलेली आहे.

एस्पेरांतोत ‘कोम्बी’ म्हणजे विंचरणे. त्याचा ‘इ’ काढून ‘ओ’ लावला तर ‘कोम्बो’ होते, पण त्याचा अर्थ कंगवा नव्हे. विंचरण्याची क्रिया असा आहे. कंगव्यासाठी ‘इल’ हा साधनवाचक प्रत्यय लागतो: ‘कोम्बीलो’. आता ब्रश घ्या. ‘ब्रोसो’ म्हणजे ब्रश, आणि ‘ब्रोसी’ म्हणजे ब्रशने घासणे. इथे साधनाला प्रत्यय नाही. उलट घासण्याच्या क्रियेला नाव द्यायचे तर ‘आद’ हा क्रियावाचक प्रत्यय जोडून ‘ब्रोसादो’ म्हणावे लागते. दोन्ही हातातली साधीच साधने, दोन्हींची कामे सारखीच, मग नियम उलटा का?

आपल्या घरात याचे उत्तर सापडते. मराठीत ‘किसणे’ या क्रियेवरून ‘किसणी’ आली, ‘चाळणे’वरून ‘चाळणी’ आणि ‘गाळणे’वरून ‘गाळणी’. पण सुताराची ‘करवत’ आधी वस्तू आहे, आणि तिच्यावरून ‘करवतणे’ हे क्रियापद झाले. म्हणून ‘करवतणी’ कोणी म्हणत नाही. किसण्याच्या मुळाशी क्रिया आहे, करवतीच्या मुळाशी वस्तू. एस्पेरांतोतही ‘कोम्ब’ हे मूळ क्रियेचे आहे आणि ‘ब्रोस’ हे वस्तूचे. शेवटचा स्वर बदलला तरी मुळाचा हा जन्मस्वभाव पुसला जात नाही, आणि कोणता प्रत्यय लागेल ते तोच ठरवतो.

हा स्वभाव झामेनहोफ यांनी नियम म्हणून कुठे मांडला नव्हता. त्यांच्या जुन्या शब्दकोशात प्रत्येक मुळापुढे फ्रेंच, इंग्रजी, जर्मन, रशियन आणि पोलिश प्रतिशब्द दिले होते. ‘कोम्ब’पुढे फ्रेंचमध्ये ‘विंचरणे’ असे क्रियापद आढळते, ‘ब्रोस’पुढे वस्तूचे नाव. नियम असा भाषांतरांच्या आडोशाला लपलेला होता.

फ्रेंच तर्कशास्त्रज्ञ लुई कूत्युरा यांना हे अजिबात पटले नाही. ‘क्रोनो’ म्हणजे मुकुट आणि ‘क्रोनी’ म्हणजे मुकुट घालणे. मग त्याच ‘क्रोनी’ला पुन्हा ‘ओ’ लावून मुकुट घालण्याची क्रिया का मिळू नये, असा त्यांचा प्रश्न होता. ज्या वाटेने गेलो त्याच वाटेने परत येता आले पाहिजे, हा त्यांचा आग्रह १९०७ साली पुढे आलेल्या ‘इदो’ या सुधारित भाषेत उतरला. तिथे मुकुटापासून क्रियापद करायलाच एक वेगळा प्रत्यय लागतो. याला उत्तर दिले ते स्विस गणितज्ञ रने द सोस्यूर यांनी, म्हणजे भाषाशास्त्रज्ञ फेर्दिनां यांच्या धाकट्या भावाने. त्यांच्या मते प्रत्येक मुळात नाम, विशेषण किंवा क्रिया यांपैकी एक कल्पना आधीच वसलेली असते, आणि शब्दात अर्थ पोचवायला जेवढे घटक आवश्यक तेवढेच, पण पुरेसे, असावेत. मला सोस्यूर यांची बाजू अधिक सबळ वाटते, कारण बोलणारा माणूस शब्द उलटा चालवून तपासत नाही. तो मुळाचा अर्थ ओळखून पुढे जातो.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. प्रत्ययांची शिस्त दिसली की ती भाषा ‘वैज्ञानिक’ ठरवण्याची आपल्याकडे घाई असते. नासाने संस्कृतला संगणकासाठी सर्वोत्तम भाषा ठरवले, हा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्यामागे १९८५ साली एका संशोधकाने लिहिलेला एक लेख आहे. नासाचा असा कोणताही निर्णय नाही. पाणिनीचे मोठेपण अशा अफवेवर अवलंबून नाही, आणि ज्या भाषेत कंगवा आणि ब्रश निराळ्या वाटांनी चालतात ती एस्पेरांतोही कोणते यंत्र नाही.

संगणकाचेच पाहा. त्यासाठी एस्पेरांतोत ‘कोम्पुतोरो’, ‘कोम्पुतेरो’ असे उसने शब्द काही काळ स्पर्धेत होते. टिकला तो ‘कोम्पुतीलो’, म्हणजे गणना करण्याचे साधन. आपला ‘संगणक’ही ‘गण्’ या धातूवरूनच आला, पण त्याला जोडलेला ‘अक’ हा कर्त्याचा प्रत्यय आहे, जसा लेखक किंवा पाठक या शब्दांत असतो. त्यांनी यंत्राला कंगव्याच्या ओळीत बसवले, आपण लेखकाच्या.

तरुणांनी तर नियमाबाहेरूनही शब्द आणला. आधुनिक, तरुण, शैलीदार अशा अर्थाच्या तीन शब्दांची आद्याक्षरे मो, यो, सो अशी वाचून त्यांनी ‘मोयोसा’ हा ‘झकास’ या अर्थाचा शब्द बनवला. तो विशेषण म्हणून जन्मला, त्यामुळे त्याला ‘माल’ लावून ‘मालमोयोसा’ म्हणताना आणि ‘उल’ लावून ‘मोयोसुलो’ म्हणताना कोणालाही शब्दकोश उघडावा लागत नाही.