बीपीचा एकक काय सांगतो?

२०२७च्या सिंहस्थाची तयारी सुरू झाल्यापासून नाशिकमध्ये ‘डिजिटल’ हा शब्द रोज कानावर आदळतो. आरोग्यसेवाही त्यात आलीच. पण सरकारी आरोग्यसेवा किती डिजिटल झाली, हे मोजायचं कसं? सहसा उत्तर मिळतं ते वाटलेल्या टॅबचं, नाहीतर काढलेल्या ‘आभा’ क्रमांकांचं, म्हणजे आरोग्याच्या नोंदी जोडण्यासाठीच्या ओळखक्रमांकांचं. देशात हे १४ अंकी क्रमांक ७० कोटींच्या पुढे गेलेत. मात्र क्रमांक निघाला म्हणून डॉक्टरांनी रुग्णाची जुनी नोंद उघडून पाहिलीच, असं नाही. इंग्लंडची सरकारी आरोग्यसेवा ‘एनएचएस’ रुग्णालयांची ‘डिजिटल परिपक्वता’ मोजते, पण तिथेही रुग्णालयं प्रश्नावली भरून स्वतःच स्वतःला गुण देतात. आपला पेपर आपणच तपासायचा, तर नापास कोण होणार?

मला त्यापेक्षा एक जुनी आणि फुकटची युक्ती आवडते. बीपीच्या वरच्या आकड्यातला फक्त एकक, म्हणजे शेवटचा अंक, बघायचा.

माणसांचं बीपी साधारण ९० ते १९० असं ऐसपैस पसरलेलं असतं. दशकस्थानी काय येणार, ते वयावर, मिठावर, आजारावर ठरतं. एककाचं तसं नाही. १३१ वर थांबायचं आणि १३७ वर नाही, असं शरीराला काही कारण नसतं. म्हणून शेकडो माणसं मोजली की ० ते ९ हा प्रत्येक अंक जवळपास १० टक्के वेळा यायला हवा.

आता पाऱ्याचं जुनं यंत्र आठवा. त्याच्या पट्टीवर दर २ मिलिमीटरला रेघ. त्यामुळे विषम अंक येतच नाहीत. ०, २, ४, ६, ८ यांच्या वाट्याला प्रत्येकी २० टक्के. त्यात ओपीडीला गर्दी असली की १२०, १३०, १४० असं गोळाबेरीज लिहिलं जातं आणि शून्यांचा ढीग लागतो. म्हणजे रुग्णाला न भेटता, नुसत्या एककांवरून ओळखता येतं की यंत्र कुठलं होतं आणि आकडा वाचला की अंदाजे टाकला.

समजा, पेठ तालुक्यातल्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या २०० नोंदी घेतल्या. प्रत्येक अंक २० वेळा अपेक्षित, पण शून्य निघाले ६२. फरक ४२, त्याचा वर्ग १७६४, भागिले २०, म्हणजे ८८.२. दहाही अंकांसाठी असं करून बेरीज घ्यायची, ही काय-वर्ग कसोटी. स्वातंत्र्यमात्रा ९ असताना (दहा अंकांपेक्षा एक कमी) बेरीज निव्वळ योगायोगाने १६.९२ च्या वर जाण्याची शक्यता ५ टक्क्यांहून कमी. इथे एकट्या शून्यानेच मर्यादा पाचपट ओलांडली! टेबलावर डिजिटल यंत्र असूनही असं दिसलं, तर नोंद अजून पाऱ्याच्याच जमान्यात आहे.

(गाडीच्या नंबरची बेरीज ९ यावी म्हणून जादा पैसे मोजणाऱ्यांसाठी: या एककाचा तुमच्या नशिबाशी काडीचा संबंध नाही.)

हा हिशोब निव्वळ गणिती हौस नाही. उच्च रक्तदाब नियंत्रण कार्यक्रमात १४०/९० च्या खाली आला तो रुग्ण ‘नियंत्रणात’ धरतात. १३७ चा १४० लिहिला की तो त्यातून बाहेर पडतो. उलट, उद्दिष्टाचा दट्ट्या असला तर १४२ चा १३८ होतो. तेव्हा आलेखात १४० च्या अलीकडे टेकाड आणि पलीकडे खड्डा दिसतो. म्हणून एककाबरोबर पूर्ण आकड्यांचा आलेखही काढावा.

मनाने आकडे रचणारेही सहसा सापडतात. ‘खरं’ वाटावं म्हणून माणूस ० आणि ५ टाळतो, ७ जास्त वापरतो. आरोग्यसेविकेने दिवसभर वहीत अचूक लिहून रात्री रेंज आल्यावर मोबाईलमध्ये भरलं, तर मात्र एकक निर्दोष दिसतो. ती गोष्ट मोजणी आणि नोंद यांच्या वेळांतल्या अंतरावरूनच कळते. सुरगाण्यातल्या छोट्या उपकेंद्रांत महिन्याला २०० नोंदी होतीलच असं नाही. तिथे तीन महिन्यांच्या एकत्र घ्याव्यात.