पोलीस झील आणि त्याची आवस : एका बदनाम विनोदी चित्रपटाबद्दल कोकणातल्या मतांची पार्श्वभूमी

रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या किनारपट्टीवर 'स्टॉप! ऑर माय मॉम विल शूट' या चित्रपटाचा विषय निघाला की मतं वयाप्रमाणे विभागलेली दिसतात. ज्यांनी तो नव्वदच्या दशकात भाड्याच्या व्हीसीआरवर पाहिला त्यांना त्यातली आई आठवते, आणि ती आठवली की ते हसायला लागतात. ज्यांनी तो अलीकडे मोबाइलवर पाहिला ते बहुधा सुरुवातच करतात त्याला मिळालेल्या 'सर्वांत वाईट' पुरस्कारांपासून. चित्रपटाची गोष्ट थोडक्यात अशी : अमेरिकेतला एक पोलीस झील (मुलगा), त्याच्याकडे आलेली त्याची आवस (आई), आणि तिनं त्याच्या कामात केलेली लुडबुड. ही मतं बनली कशी आणि बदलली कशी, एवढंच इथे मांडायचं आहे.

पोलिसाला हसणं कोकणाला नवं नव्हतं. एकोणिसाव्या शतकापासून रत्नागिरी जिल्ह्यानं मुंबईच्या पलटणींना आणि पोलिसांना माणसं पुरवली. सिंधुदुर्ग तेव्हा त्याच जिल्ह्यात होता, तो वेगळा झाला १ मे १९८१ रोजी. वाडीत कोणाचा तरी झील पोलिसात असायचाच, त्यामुळे वर्दीचा दरारा आणि वर्दीतल्या माणसाचं लहानपण दोन्ही लोकांना माहीत. गावच्या रंगमंचावर म्हातारीच्या तोंडाची धारही ओळखीची होती. नमन-खेळ्यांतल्या गवळणीत पुरुषानं लुगडं नेसून उभी केलेली मावशी देवालाही सोडत नाही, आणि प्रेक्षक तिच्याच येण्याची वाट पाहतात. १९८० साली मालवणी बोलीतलं एक नाटक मुंबईत आलं आणि त्याचे पुढे पाच हजारांहून जास्त प्रयोग झाले. तेव्हापासून आपल्याच माणसांच्या फजितीवर तिकीट काढून हसणं प्रतिष्ठेचं झालं.

या सगळ्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे मुंबईतली खोली. नायगाव आणि वरळीच्या बीडीडी चाळींत अनेक पोलीस कुटुंबं राहत, खोली १६० चौरस फुटांची. गावाहून आई यायची ती तांदूळ, कोकमं, सुकी मासळी यांचं बोचकं घेऊन. रात्रभराच्या एसटीत शेजारच्या बाईला तिनं झिलाची सगळी कर्तबगारी सांगितलेली असायची. आल्या आल्या ती खोली आवरायला घ्यायची, सुनेच्या डब्यांची जागा बदलायची, आणि ड्यूटीवरून आलेल्या मुलाला त्याच्या सहकाऱ्यांदेखत जेवलास का म्हणून विचारायची. तिच्या लेखी तो हवालदार नसायचाच. चित्रपटातली आई विमानातल्या अनोळखी प्रवाशांना मुलाचे लहानपणीचे फोटो दाखवते, तेव्हा आमच्याकडे कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

चित्रपट अमेरिकेत लागला फेब्रुवारी १९९२ मध्ये. कोकणात तो थिएटरमुळे माहीत झाला नाही, कॅसेटमुळे झाला. तो काळ व्हिडिओ पार्लरचा होता. बाजारपेठेच्या गावांत बाकडी टाकलेली एखादी खोली, बाहेर खडूनं लिहिलेली नावं, आत पंखा असला तर नशीब. गणपतीत चाकरमानी आले की वाडीत वर्गणी काढून टीव्ही, व्हीसीआर आणि तीन-चार कॅसेटी भाड्यानं आणल्या जात. आधी भजन, एखाद्या ठिकाणी डबलबारी म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना, आणि ते आटोपल्यावर जागरणाला सिनेमे. हिंदी पहिला, मग मराठी, आणि पहाटेकडे इंग्रजी मारामारीचा, कारण तेव्हा फक्त जागी राहणारी पोरंच उरलेली असत. पण या चित्रपटाच्या बाबतीत क्रम बदलला. पोरांनी कॅसेट निवडली ती नायकाकडे पाहून. हा नायक, सिल्व्हेस्टर स्टॅलोन, म्हणजे त्यांचा रॅम्बो, त्याच्या दंडाशी आपले दंड मोजणारी मुलं प्रत्येक वाडीत होती. पाहायला मात्र बायकाही थांबल्या. एकदा थांबल्यावर त्या शेवटपर्यंत बसल्या.

संवाद बहुतेकांना कळत नव्हते. त्यामुळे जे पाहून कळत होतं तेवढ्यावरच मत बनलं, आणि पाहून कळत होतं ते आईचंच काम. ती मुलाचं पिस्तूल साबणाच्या पाण्यात घालून घासते हा प्रसंग आजही लोक हातवारे करून सांगतात. कितीतरी घरांत आईनं खिशातल्या नोटांसकट शर्ट धुतलेला असतो. इमारतीच्या कठड्यावर एक जण जीव द्यायला उभा आहे, खाली पोलिसांची धावपळ, आणि आईच्या हाती भोंगा लागतो. तिथे मुलाची जी अब्रू जाते तिला भाषा लागत नाही. "ही आमचीच आवस मरे," हे त्या पिढीचं मत होतं. त्यात कौतुक होतं आणि थोडी तक्रारही. नायकानं मारामारी कमी केली म्हणून नाराज झालेली पोरंही होती. एवढा मोठा गडी आणि आईपुढे मान खाली, हे त्यांना पटलं नाही. पण जुन्या लोकांशी बोलताना हा सूर मला क्वचितच ऐकू आला.

तिकडे अमेरिकेत वेगळंच चाललं होतं, आणि त्याचा इकडे पत्ताही नव्हता. ऐंशीच्या दशकात या नायकाची दुसऱ्या एका पिळदार नटाशी चढाओढ होती. त्या प्रतिस्पर्ध्यानं १९८८ आणि १९९० मध्ये विनोदी चित्रपट करून भरपूर यश मिळवलं होतं, आणि आपल्या नायकाचा १९९१ चा विनोदी प्रयत्न पडला होता. या चित्रपटाची संहिता प्रतिस्पर्ध्याकडेही गेली. ती वाईट आहे हे ओळखून त्यानं मुद्दाम आपल्याला फार रस असल्याची हवा केली, म्हणजे दुसरा घाईनं ती उचलेल. झालंही तसंच. २०१७ मध्ये त्यानं याची जाहीर कबुली दिली. चित्रपटाला सुमारे साडेचार कोटी डॉलर लागले. अमेरिकेत तिकिटांचे तीन कोटीही जमले नाहीत. जगभरची रक्कम सात कोटींच्या आसपास गेली, म्हणजे निम्म्याहून अधिक प्रेक्षक अमेरिकेबाहेरचा होता. भाड्याच्या कॅसेटीवर पाहणारा आमचा माणूस कोणत्याच हिशोबात आला नाही, पण तो एकटा नव्हता हे या आकड्यांवरून दिसतं. नायकानं स्वतः पुढे अनेक मुलाखतींत हा आपला सर्वांत वाईट चित्रपटांपैकी एक असल्याचं सांगितलं.

आता वादाचा मुद्दा. १९९३ च्या मार्चमध्ये, ऑस्करच्या सोहळ्याला लागून, वर्षातल्या सर्वांत वाईट कामांना टोमणे म्हणून पुरस्कार देणाऱ्या मंडळानं या चित्रपटाला तीन पुरस्कार दिले. सर्वांत वाईट नायक, सर्वांत वाईट पटकथा, आणि सर्वांत वाईट सहायक अभिनेत्री. हा तिसरा पुरस्कार म्हणजे आई. आज चित्रपटाबद्दल जे काही वाईट मत आपल्याकडे येतं त्याचं मूळ या निकालात आहे, म्हणून तो नीट पाहायला हवा.

पहिली गोष्ट, वर्षातल्या पाच सर्वांत वाईट चित्रपटांची नामांकनं त्याच मंडळानं जाहीर केली होती आणि त्यांत हा चित्रपट नव्हताच. चित्रपट पाचांतही बसत नाही, पण त्यातली आई मात्र वर्षातली सर्वांत वाईट. पटकथेबद्दल माझं काही म्हणणं नाही. ती तिघांनी लिहिली होती. त्यांतले दोघे १९८८ च्या त्या यशस्वी विनोदी चित्रपटाचेही लेखक, आणि तिसऱ्यानं २००५ साली पटकथालेखनावर जे पुस्तक लिहिलं ते आजही नवे लेखक हाताशी ठेवतात. तरीही इथली पटकथा सैल आहे आणि खुनाचा तपास नावापुरता आहे. नायकाबद्दलचा निकालही समजू शकतो. विनोदात त्याचा चेहरा आखडतो. आई नसलेले प्रसंग बघा, म्हणजे कळेल.

पण आईचं काय चुकलं? चित्रपट आला तेव्हा ती अभिनेत्री ६८ वर्षांची होती, तिचा पडद्यावरचा मुलगा ४५ चा. उंची जेमतेम पाच फूट. १९८५ ते १९९२ अशी सात वर्षं ती अमेरिकेतल्या एका गाजलेल्या मालिकेत फटकळ म्हाताऱ्या आईचं काम करत होती. तिथे जी तिची मुलगी दाखवली होती ती नटी प्रत्यक्षात तिच्याहून वर्षभरानं मोठी होती. याच कामासाठी १९८८ साली तिला दूरचित्रवाणीचा मोठा पुरस्कार मिळाला. म्हणजे चित्रपटवाल्यांनी तिला बोलावलं ते त्याच आईसाठी, आणि तिनं तीच आई दिली. अमेरिकन प्रेक्षक आणि समीक्षक सात वर्षं तिला तसंच पाहत आले होते, त्यांना ते शिळं वाटलं असेल. ज्या कामाला चार वर्षांपूर्वी शाबासकी दिली तेच काम मागून घ्यायचं आणि नंतर तिलाच सर्वांत वाईट म्हणायचं, यात न्याय नाही. कोकणातल्या बहुतेकांनी ती मालिका पाहिलेली नव्हती. त्यांच्यापुढे ती पहिल्यांदा आली, ताजी, आणि त्यांनी ते काम जसं होतं तसं पाहिलं. बोलणं कळत नसताना एखादी नटी वाडीभर माणसांना पहाटेपर्यंत धरून ठेवते, तर तिचं वेळेचं भान आणि देहबोली पक्की असणार. माझ्या मते त्या पार्लरमधल्या प्रेक्षकांनी केलेली पारख मंडळाच्या पारखीपेक्षा खरी होती.

या अभिनेत्रीचं २००८ साली स्मृतिभ्रंशाच्या आजारानं निधन झालं. त्यानंतरच्या काळात मंडळानं आपले काही निर्णय फिरवले. २०२२ मध्ये एका आजारी नटासाठी केलेला खास विभाग रद्द केला, आणि १९८० च्या एका भयपटातल्या नायिकेला दिलेलं जुनं नामांकन मागे घेतलं, कारण दिग्दर्शकानं तिला दिलेली वागणूक. २०२३ मध्ये एका बारा वर्षांच्या मुलीचं नामांकन मागे घेऊन अठरा वर्षांखालच्यांना वगळण्याचा नियम केला. चाळीस वर्षांपूर्वीचं नामांकन मागे घेता येतं, तर १९९३ चा हा पुरस्कारही मागे घेता येईल. तो घ्यायला हवा.

इंटरनेट आल्यापासून मात्र हा निकालच आधी पोचतो आणि चित्रपट नंतर. शोधायला गेलं की वाईट चित्रपटांच्या याद्या समोर येतात, एका नामांकित समीक्षकानं दिलेला अर्धा तारा येतो, प्रतिस्पर्ध्याच्या डावपेचाचा किस्सा येतो. त्यामुळे कुडाळ-कणकवलीच्या कॉलेजातला मुलगा चित्रपट सुरू करतो तो काय फसलं आहे ते पाहायलाच. त्याला संवादही कळतात, आणि संवाद खरोखरच कमकुवत आहेत. आजीबरोबर बसून पाहिला तर मत थोडं मवाळ होतं, असं काही घरांतून ऐकलं आहे.

नव्या प्रेक्षकांतल्या मुलींची तक्रार वेगळी आणि वजनदार आहे. आईनं एकटीनं मुलाला वाढवलं आणि चित्रपट अर्ध्याहून अधिक वेळ तिला निव्वळ कटकट म्हणून दाखवतो, असं त्या म्हणतात. शेवटी ती मुलासाठी गोळी झाडते तेव्हाच तिला मान मिळतो, त्याआधी घर आवरून आणि रांधून मिळत नाही. नव्वदच्या दशकात खळ्यात बसून हसणाऱ्या बायकांनी हे बोलून दाखवलं नव्हतं, पण त्या कोणाच्या बाजूनं हसत होत्या हे पोरांना तेव्हाही कळत होतं.

बिघडलेल्या पिस्तुलाच्या बदल्यात आई गाडीतून बंदूक विकणाऱ्यांकडून नवं हत्यार घेते, या प्रसंगावर सिंधुदुर्गात एक खास इथली प्रतिक्रिया येते. इथे माकडं आणि रानडुकरांपासून बागायत वाचवायला शेतीसंरक्षक बंदुका आहेत. परवाना, त्याचं नूतनीकरण, आणि निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात बंदूक जमा करायची, ऐन पीक उभं असताना. यावर दर निवडणुकीत कुरबुर होते. त्यामुळे रस्त्यावर चार पैसे मोजून बंदूक घेणारी म्हातारी पाहून जुने लोक हसले ते निव्वळ अशक्य गोष्ट म्हणून. अमेरिकेतल्या शाळांमधले गोळीबार बातम्यांत पाहत वाढलेल्या नातवंडांना ती अशक्य वाटत नाही, आणि त्या जागी ती हसत नाहीत.